पुढचा ब्रेक दाबू नकोस!

मराठी माणूस दुचाकी विकत घेताना जे प्रश्न विचारतो, त्यांची एकदा यादी करून पाहा. ॲव्हरेज किती देते? रंग कुठले कुठले आहेत? डबलसीट चढावर दम टाकते का? पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येतील? (गाडी अजून दुकानाच्या काचेआड हार घालून उभी असते, पण तिच्या घटस्फोटाची बोलणी आपण लग्नाआधीच उरकून घेतो.) डिकीत भाजीची पिशवी मावते का, हेही विचारून होतं. फारच चौकस गृहस्थ असला तर तो हॉर्न वाजवून बघतो आणि "आवाज जरा बारीक आहे" असा अभिप्राय देतो. पण ताशी साठच्या वेगात असलेली ही गाडी किती मीटरमध्ये थांबते, असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. कुणी विचारलाच, तर समोरचा टायवाला पोरगा दचकून मॅनेजरला बोलावील.

त्याचाही दोष नाही. जाहिरातीतली मोटारसायकल तुम्ही कधी थांबलेली पाहिलीत? ती डोंगर चढते, वाळवंट तुडवते, तिच्यावरून जाणाऱ्या माणसाकडे सुंदर मुली वळून वळून बघतात. पण तीच गाडी लाल दिव्यापाशी पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबलेली आहे आणि समोरून एक आजी काठी टेकत सावकाश रस्ता ओलांडताहेत, असलं चित्र काढायला कुणाला पैसे मिळत नाहीत. आपला सगळा जीव 'जाण्या'त आहे. 'थांबण्या'चं आपल्याला वावडं. बंद पडलेल्या गाडीलासुद्धा आपण 'थांबली' म्हणून शिव्या देतो.

म्हणून आज मी एक अप्रिय विधान करणार आहे. ते वाचून ज्यांना पुस्तक मिटावंसं वाटेल त्यांनी खुशाल मिटावं. आपल्या शहरात दुचाकीचा ब्रेक कसा लावायचा हे खरोखर समजणारी माणसं फार थोडी आहेत. आणि त्या थोड्यांत मोठी संख्या, ज्यांना तुम्ही-आम्ही 'वाया गेलेली कार्टी' म्हणतो, त्या मोटारसायकलवर कसरती करणाऱ्या पोरांची आहे.

थांबा. लगेच अंगावर येऊ नका. रात्री अकरा वाजता भर हमरस्त्यावर, दुसऱ्याच्या बायकापोरांच्या जिवावर पुढचं चाक हवेत उचलणाऱ्या टोळभैरवांची वकिली मी करत नाही. त्यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात १८४ वं कलम आहे. ते पोलिसांनी अवश्य लावावं, आणि लावताना त्या मुलाचे काका कुठल्या खात्यात आहेत याची चौकशी करू नये. मी बोलतो आहे ते ही विद्या रीतसर, बंद आवारात, हेल्मेट घालून शिकणाऱ्यांबद्दल.

माझा एक भाचा या विद्येत आहे. इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यामुळे त्याला मोकळा वेळ भरपूर. आमच्या ताईला वाटतं की तो पोहायला जातो. परवा मला म्हणाला, "मामा, तू नुसता लांबून बोलतोस. एकदा येऊन बघ."

गेलो. भोसरीच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याचं सिमेंटचं आवार आहे. मालकाची लेखी परवानगी घेऊन दर रविवारी सकाळी दहा-बारा पोरं तिथे जमतात. माझी अपेक्षा होती की धूर, किंचाळ्या, केसांना रंग लावलेले दैत्य असा काहीतरी देखावा असेल. प्रत्यक्षात वातावरण एखाद्या गायनक्लाससारखं होतं. एक जण शिकवतोय आणि बाकीचे तेच ते, तेच ते घोटताहेत. गाड्या मात्र बघवत नव्हत्या. भोवती लोखंडी पिंजरा, टाकीला पोचे, दिवा गायब. मागे एक जाड पट्टी वेल्डिंग करून बसवलेली. गाडी मागच्या चाकावर अगदी सरळ उभी झाली की ही पट्टी जमिनीला टेकते, म्हणून तिला ते 'ट्वेल्व्ह ओक्लॉक बार' म्हणतात. गाडी घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखी उभी, म्हणून बारा. मराठीत बारा वाजणं म्हणजे काय, हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "तेच वाजू नयेत म्हणून आहे ती."

त्यांचा वस्ताद सत्तावीस वर्षांचा. दोन कोपरं आणि एक गुडघा यांवर जुन्या धड्यांच्या खुणा. त्याचा पहिला नियम ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. नवीन आलेल्या पोरानं पहिले तीन आठवडे चाक उचलायचं नाही. तीन आठवडे फक्त थांबायचं.

म्हणजे असं, की विटेच्या तुकड्यानं जमिनीवर एक रेघ मारलेली. वीसच्या वेगात यायचं आणि रेघेवर थांबायचं. आधी नुसत्या मागच्या ब्रेकवर, मग नुसत्या पुढच्या, मग दोन्ही. मग तीसच्या वेगात. प्रत्येक वेळी कुठे थांबलास तिथे दुसरी रेघ. तासाभरानं ती जमीन अमावस्येच्या हिशेबाच्या वहीसारखी दिसायला लागली. पण त्या रेघांकडे बघून आंधळ्यालाही कळावं अशी एक गोष्ट होती: मागच्या ब्रेकच्या रेघा पार पलीकडे, पुढच्याच्या कितीतरी अलीकडे, आणि दोन्हींच्या त्याहूनही अलीकडे.

"लिव्हर दाबायचा नाही," वस्ताद ओरडत होता, "पिळायचा. लिंबू पिळतोस तसा. बी खाली पडू द्यायची नाही!"

मी त्याला या लिंबाचं कारण विचारलं. त्यानं जे सांगितलं ते मला शाळेत विज्ञानाच्या सरांनी आठ वर्षांत सांगितलं नव्हतं. ब्रेक म्हणजे लिव्हर नव्हे आणि डिस्कही नव्हे. टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, खरा ब्रेक तो. पुढचा ब्रेक हळूहळू पिळत गेलं की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढे येतं, ते पुढच्या टायरला जमिनीवर दाबतं, आणि दाबलेला टायर जास्त घट्ट धरतो. धरला की मग आणखी पिळा, आणखी धरील. पण वजन पुढे यायच्या आतच घाबरून कचकन दाबलात, तर न दाबलेला टायर जागच्या जागी अडकतो, घसरतो आणि तुम्ही आडवे. म्हणजे आपले वडील ज्याला भ्यायले होते ती गोष्ट खरी होती. त्यांनी औषध तेवढं चुकीचं सांगितलं. लिंबू कसं पिळावं हे न शिकवता त्यांनी घरात लिंबूच आणायचं नाही असं ठरवलं.

तीन आठवड्यांनंतर व्हीली. पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर चालायचं त्याचं हे नाव. तुमच्याप्रमाणे माझीही समजूत होती की हा सगळा रेस देण्याचा खेळ. मूठ पिळली, गाडी उधळली, टाळ्या. तसं मुळीच नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर आहे की नाही, हे वस्ताद वाकून बघतो. नसेल तर गाडी चालूच करू देत नाही. मग चाक वीतभर उचलायचं आणि लगेच पायानं ब्रेक टेकवायचा, चाक खाली. पुन्हा वीतभर वर, ब्रेक, खाली. असं शंभर वेळा, दोनशे वेळा. मागचं चाक अडलं की वर आलेलं तोंड आपोआप खाली येतं. गाडी जसजशी उभी होत जाते तसा एक क्षण येतो की ती ना पुढे पडत, ना मागे. त्या क्षणाच्या केसभर पलीकडे गेलात तर मूठ सोडून भागत नाही, तेव्हा फक्त पायाखालचा ब्रेक तुम्हाला उताणं पडण्यापासून वाचवतो. तो ब्रेक शोधायला पाय हलवावा लागला, तर उशीर झालेला असतो. म्हणून वर जायच्या आधी खाली येणं अंगात मुरवायचं. मला सांगा, आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या विद्येत ही शिस्त आहे? आमच्याकडे गाणारा वर गेला की खाली कसा येणार याची काळजी श्रोत्यांनी करायची असते.

पुढची इयत्ता आणखी मजेशीर. त्यात गाडी एका चाकावर उभी करून माणसाच्या चालीनं गोल गोल फिरवतात. त्यासाठी मूठ थोडी उघडी आणि ब्रेक थोडा लावलेला, दोन्ही एकाच वेळी. एका हातानं द्यायचं, एका पायानं अडवायचं. (संसार केलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.) काही कसरतींत पाय टाकीवर किंवा सीटवर असतात, म्हणून मागच्या ब्रेकचा एक जादा लिव्हर डाव्या मुठीशी बसवलेला असतो. फार वेळ असं केलं की डिस्क तापते, आतलं ब्रेक ऑइल उकळतं, आणि लिव्हर उशीसारखा मऊ पडतो. म्हणून अधूनमधून सक्तीची विश्रांती. तेवढ्यात पोरं चहा पितात आणि ब्रेकच्या पॅडची जाडी नखानं मोजतात. तुमच्या गाडीचे पॅड तुम्ही शेवटचे कधी बघितलेत? मी विचारलं एवढंच.

सर्वांत शेवटी स्टॉपी. पुढचा ब्रेक इतका बेतानं पिळायचा की मागचं चाक जमिनीवरून उठतं आणि गाडी पुढच्या एका चाकावर सरकत जाते. आपल्या आईवडिलांनी आयुष्यभर ज्याची भीती घातली ती 'उलटशील'ची अवस्था ती हीच. ही पोरं तिच्या दारापर्यंत रोज मुद्दाम जातात, आत डोकावतात आणि परत येतात. परत कसं यायचं? ब्रेक किंचित सोडायचा. वस्तादच्या मते हेच सगळ्यांत अवघड. घाबरलेल्या माणसाची बोटं मिटतात, उघडत नाहीत.

जर्मनीचा क्रिस्टियन फायफर हा या खेळात चार वेळा जगज्जेता झाला. २०२२ साली तो वारला. त्याची सुरुवात वेगाच्या शर्यतींतून झाली नव्हती. दगडधोंड्यांवरून पाय न टेकता गोगलगाईच्या चालीनं गाडी काढायची, त्या 'ट्रायल्स' नावाच्या प्रकारातून तो आला होता. तिथे सगळा कारभार क्लचचा आणि ब्रेकचा. पोरांनी त्याचं चित्र आवारातल्या पत्र्यावर चिकटवलं आहे. आमच्या पिढीनं आपापल्या भिंतींवर कुणाकुणाची चित्रं चिकटवली होती ते आठवलं की मला हे चित्र फारच सात्त्विक वाटतं.

आता जरा आपल्याकडे बघू या.

आपण दुचाकी कशी शिकतो? भाऊ मागून कॅरिअर धरून पळतो. बहीण चालवते. पाच-पन्नास पावलं पळून भाऊ दमतो, हात सोडतो आणि जिवाच्या आकांतानं ओरडतो, "ब्रेक! ब्रेक!" कुठला, ते सांगत नाही. ती बिचारी दोन्ही पाय खाली सोडते. मग पुढे वीस वर्षं, बायका स्कूटर पायांनी थांबवतात म्हणून तोच भाऊ विनोद करतो. अहो, तिला दुसरं काय शिकवलंत तुम्ही? ज्या ब्रेकवर विश्वास ठेवू नकोस असं सांगितलंत, त्यावर तिनं विश्वास ठेवला नाही. चपला झिजवल्या. आज्ञाधारक मुलगी आहे!

आणि पुरुष काय करतात? पुरुष हॉर्न वाजवतात. आपला खरा ब्रेक डाव्या अंगठ्यात आहे. समोर म्हैस आली, हॉर्न. शाळेची पोरं आली, हॉर्न. थांबायचं काम दुसऱ्यानं करायचं, आपण सूचना द्यायची. पूर्वी जत्रेत 'मौत का कुआँ' असायचा, अजूनही काही ठिकाणी असतो. त्या फळ्यांच्या विहिरीच्या भिंतीवर मोटारसायकल फिरते, ती केवळ वेगामुळे भिंतीला चिकटून राहते. तिथे थांबला तो खाली पडला. आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या लोकांची समजूत ते त्या विहिरीत आहेत अशी दिसते.

'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील!' हे वाक्य मराठी घरांत 'ओल्या केसांनी बाहेर जाऊ नकोस'च्या जोडीनं चालत आलेलं आहे. त्याला एके काळी अर्थ होता, हे मी मान्य करतो. रस्ते खडीचे, सायकल उंच आणि तिच्यावर बसणारा बारा वर्षांचा. मग १९७२ साली चेतक आली. दहा इंचांची चाकं, ड्रमचे ब्रेक. त्यांतला पुढचा लावला काय आणि न लावला काय. पायाखालचा मागचा तेवढा भरवशाचा. गाडीसाठी नंबर लावल्यापासून ती घरी येईतो मुलगा शाळेतून कॉलेजात जायचा. इतक्या तपश्चर्येनं आलेली गाडी जपायची म्हणून बापानं तो मंत्र मुलाच्या कानात सांगितला. पुढे खडीचे रस्ते गेले, ड्रम गेले, पुढच्या चाकाला ताटलीएवढी डिस्क आली. मंत्र तेवढा राहिला. वाळूत, खडीवर, वळणात किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक जपून लावावा, एवढाच त्यातला आज शिल्लक असलेला अर्थ. जपून लावावा, याचा अर्थ लावूच नये असा होत नाही.

एस.टी.त उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला यातलं शास्त्र समजावून सांगायला नको. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की उभी माणसं, त्यांच्या पिशव्या, पिशव्यांतले आंबे, सगळं पुढे जातं. मोटारसायकलचंही तेच. ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक नावापुरतं जमिनीला टेकून राहतं. आणि आपण नेमक्या त्याच चाकाला ब्रेक लावतो! घरात ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या सहीवर कर्ज काढायला जावं, तसला प्रकार. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगात दोन्ही ब्रेक नीट पिळले तर साधारण वीस मीटरच्या आत थांबता येतं. नुसत्या मागच्यावर चाळीसच्या आसपास. मधल्या फरकात जवळजवळ दोन सिटी बस उभ्या राहतात. शिवाय धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच.

सरकारला हे ठाऊक आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ए.बी.एस. आणि त्याखालच्यांना निदान जोड-ब्रेक सक्तीचा झाला. जोड-ब्रेक म्हणजे काय? तुम्ही मागचा दाबलात की पुढचाही थोडा आपोआप लागतो. नीट विचार करा, काय केलंय हे! ही माणसं काही केल्या पुढचा ब्रेक लावणार नाहीत आणि यांना शिकवणंही आपल्याच्यानं होणार नाही, हे ओळखून यंत्रानं परस्पर लावून टाकायची सोय केली आहे. पोर कडू औषध घेत नाही म्हणून आई ते शिऱ्यात कालवते, तसं. सोय चांगली आहे, तिनं जीव वाचत असतील, माझी तक्रार नाही. पण पन्नाशीच्या माणसाला शिऱ्यातून औषध द्यावं लागतं, याची त्याला थोडी तरी लाज वाटावी की नाही?

आणि लायसन? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. परीक्षेत काय काय बघावं याची त्यात लांबलचक यादी आहे, आणि आणीबाणीत गाडी थांबवता येणं हे तिच्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात आपण काय करतो? आठ काढतो. दहा-बाराच्या वेगात, पाय न टेकता, इंग्रजी आठ. आठ आला की माणूस साठच्या वेगात जायला पात्र. जपानमध्ये मोटारसायकलच्या परीक्षेत चाळीसच्या वेगात येऊन कोरड्या रस्त्यावर अकरा मीटरच्या आत थांबावं लागतं; ओल्या रस्त्यावर चौदा. अकरा मीटर नुसत्या मागच्या ब्रेकवर जमत नाहीत, कुणीही जाऊन प्रयत्न करावा. ब्रिटनमध्येही पन्नासच्या वेगात येऊन आकस्मिक थांबून दाखवावं लागतं. आमचा आठ मात्र इतका पवित्र की काही ड्रायव्हिंग स्कुलांत फक्त तोच शिकवतात. गाडी सोबत, आठ सोबत, फी आगाऊ.

या लेखात एक परिच्छेद असा आहे जो मला हसत लिहिता येत नाही. आमच्या चौकात एका संध्याकाळी कॉलेजातली दोन मुलं समोर आलेल्या टेम्पोवर आदळली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा रस्त्यावर एक काळा पट्टा होता. एकच. सरळ, रेखल्यासारखा. मागचं चाक घासत गेलेलं. मी तो पावलांनी मोजला. एकवीस पावलं भरली. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं नंतर ती गाडी उघडली. म्हणाला, "साहेब, चार वर्षांची गाडी आहे, मागचे लायनर दोनदा बदललेत. पुढचे पॅड बघा, कोरे." चालवणारा वाचला, त्याच्या पायात सळई आहे. मागे बसलेला मुलगा गेला. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची. हा सरकारी आकडा आहे. त्यांतल्या किती जणांच्या गाडीचे पुढचे पॅड कोरे होते, हा रकाना त्या तक्त्यात नाही.

तर हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडलं. निमित्त असं, की भाच्याची ती पिंजरेवाली गाडी पार्किंगमध्ये उभी राहते म्हणून 'सोसायटीच्या प्रतिमेस बाधा' असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. मी उभा राहिलो आणि उलट सूचना मांडली: एका रविवारी सकाळी मागचं मोकळं आवार रिकामं करावं, आणि भाच्यानं सगळ्या सभासदांना, विशेषतः मुलांना आणि गृहिणींना, ब्रेक लावायला शिकवावं. फुकट.

सेक्रेटरी उठले. निवृत्त गृहस्थ, शिस्तीचे. "मी १९७८ पासून चेतक चालवतोय," ते म्हणाले, "आणि आजतागायत पुढच्या ब्रेकला हात लावलेला नाही. केबलसुद्धा काढून ठेवलीय. उगाच चुकून लागायला नको." यावर टाळ्या पडल्या. मी विचारलं, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही वेग किती ठेवता?" ते म्हणाले, "पंचवीस." मी म्हटलं, "आणि तुमचा नातू?" सभेत थोडी शांतता पसरली, मग कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

शेवटी माझ्या सूचनेवर मतदान झालं. ती पडली. कारण इतिवृत्तात नोंदवलेलं आहे, मी प्रत मागून घेतली आहे: 'थांबण्याचा सराव करण्यासाठी वाहन आधी वेगात आणावे लागेल, आणि आवारात वेगाने वाहन चालवण्यास सोसायटीच्या नियमांनुसार बंदी असल्यामुळे सूचना नामंजूर.'

मग आम्ही भोसरीच्या पुढच्या आवारातच वर्ग घेतला. जाहिरात वगैरे काही नाही. लिफ्टमध्ये एक चिठ्ठी चिकटवली होती, ती दुपारपर्यंत कुणीतरी काढून टाकली. तरी सात जण आले. त्यांत सेक्रेटरींची सून होती. नोकरीच्या निमित्तानं रोज अठ्ठावीस किलोमीटर स्कूटर चालवते. पहिल्या खेपेला तिनं पाय सोडले. दुसऱ्या खेपेला डावा लिव्हर दाबून रेघेच्या बरीच पलीकडे गेली. वस्तादनं तिला लिंबू सांगितलं. हे तिला लगेच कळलं. आम्हां पुरुषांना समजायला अर्धा तास लागला होता. पाचव्या खेपेला ती रेघेच्या हातभर अलीकडे थांबली, पाय फुटबोर्डावर, आणि थांबल्यावर मग सावकाश एकच पाय टेकवला. पुन्हा केलं. पुन्हा केलं. तासाभरानं हेल्मेट काढून ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काका, जुन्या चेतकच्या पुढच्या ब्रेकची केबल अजून कुठे मिळते का हो?"